कोरडं वाटतं

टिटिरांगीच्या चढावर, जुलैच्या गारठ्यात,
मेरेआना टाउरोआ बूट दाराबाहेर काढते
आणि आधी धड भिंतीपाशी जाते.
नेहमीच. आधी धड भिंत.
कोरडं म्हणजे किती
हे ज्या त्या घरालाच विचारावं लागतं.

यंत्र तळहाताएवढं, पाठीला दोन रबरी पट्ट्या.
"भोकं पाडणार?" लोर्ना हॅडो विचारते.
"आज नाही. आज नुसतं टेकवायचं."
लोर्नाला घर विकायचंय. वळचण नसलेलं,
भूमध्य समुद्राकाठी शोभेल असं घर,
इथल्या पावसात, कच्च्या पाइनच्या सांगाड्यावर.
त्या वर्षी सगळ्यांनीच घेतली होती तसली.

एका पट्टीतून निघालेलं विजेचं क्षेत्र
रंगाखालून, जिप्समच्या तक्त्यातून
पेरभर आत वाकून
दुसऱ्या पट्टीला येऊन मिळतं.
वाटेत कोरडं लाकूड भेटलं तर दोन शब्द बोलतं.
पाणी भेटलं तर थांबतंच.
पाण्याच्या कणाला दोन टोकं;
क्षेत्र फिरलं की तो फिरतो,
परत फिरतो, सेकंदाला लाखो वेळा,
अंधारात, कुणी बघत नसताना.
याला धारकता म्हणतात.
कोण किती धरून ठेवतं, एवढंच.

दिवाणखाना : नऊ. नऊ. अकरा.
न्हाणीघर : चौदा. वाफ आहे, चालायचंच.
आरशामागे यंत्र एकदम किंचाळलं
आणि लोर्नाने खुर्ची धरली.
तांब्याची नळी निघाली.
"धातू आणि पाणी याला सारखंच वाटतं," मेरेआना म्हणाली,
"आपण आपलं डोकं वापरायचं."

मग निजायची खोली. खिडकीखाली डावा कोपरा.
रंग असा की आरसाच; गेल्याच महिन्यात दिलेला.
बावीस.
एकतीस.
वीतभर खाली : छप्पन्न.
बाहेर टुई पक्षी घसा खाकरत होता
आणि आत कुणीच काही बोलेना.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांबद्दल म्हणतो.
भिंतीबद्दल म्हणायची वेळ आली
की शब्द जपून वापरावे लागतात.

बुधवारी तविता आरी घेऊन आला.
तक्ता कापायला गेला तर
तो आधीच कधीतरी कापलेला,
चौकोन काढून परत बसवलेला, सांधे लिंपलेले.
आत पाइन काळं, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं.
चमचा घातला तर चमचा गेला.
आणि चौकोनाच्या पाठीवर पेन्सिलीने,
गॅव्हिनच्या त्या सुताराच्या अक्षरात :

ऑगस्ट २००४. सिलिकॉन भरलं. कोरडं.
ऑगस्ट २००७. पुन्हा भरलं. कोरडं वाटतं.
जून २०१०. हाताने पाहिलं. कोरडं वाटतं.
२०१३च्या पुढे नुसती एक रेघ.

"रात्री टॉर्च घेऊन बाहेर जायचा,"
लोर्ना म्हणाली.
"मला वाटायचं, सिगरेट पुन्हा सुरू केली.
नऊ वर्षं मी त्याच्या शर्टांचा वास घेतला."

मेरेआनाने हिशोब मांडला :
पाइन ओलं असूनही हाताला कोरडं लागतं
बऱ्याच वरच्या आकड्यापर्यंत.
हातावर विसंबणाऱ्याचा दोष नाही.
हे ती तवितालाच म्हणाली, लोर्नाकडे न बघता.

लोर्नाने यंत्र मागितलं.
स्वतःच्या तळहातावर टेकवलं.
काटा नव्हता, आकडा होता : नव्व्याण्णव, आणि आवाज थांबेना.
"सगळ्यांचंच तेवढं येतं," मेरेआना घाईने म्हणाली,
"त्याच्यापुढे आकडाच नाही."
"माहीत आहे," लोर्ना म्हणाली,
आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

अहवालात दुरुस्तीचा खर्च आला, सांगाड्यासकट.
घर तूर्तास विकायचं नाही.
कापलेला चौकोन तविता ट्रकमध्ये टाकत होता,
तो तिने परत मागून घेतला
आणि हीटरसमोर उभा केला, वाळायला,
पेन्सिलीची बाजू
भिंतीकडे.